पूल ट्रकचा, घाट पोकलेनचा, धूर आपला

कारध्याच्या पुलावर थोडा वेळ उभे राहा. नागपूर-रायपूर महामार्गावरून जाणारा नवा ट्रक बीएस-6 आहे. त्याच्या धुरातली काजळी गाळायला फिल्टर बसवलेला असतो. आता जिल्ह्यातल्या वैनगंगेच्या कुठल्याही वाळूघाटाची आठवण करा. तिथे पोकलेन असते, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि काळा धूर असतो. डिझेल मात्र दोघांचे एकच. 1 एप्रिल 2020 पासून देशभरच्या पंपांवरच्या डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. गंधक जास्त असले की धूर साफ करणारी यंत्रणा निकामी होते, म्हणून हा खटाटोप झाला. इंधन तयार आहे. मग यंत्रणा सगळ्याच इंजिनांना का नाही?

कारण कायद्यातच पळवाटा आहेत. ट्रॅक्टरचे पुढचे मानक ऑक्टोबर 2020 मध्ये येणार होते. ते ढकलत ढकलत जानेवारी 2023 वर गेले आणि लागू झाले ते फक्त 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याच्या खालचे. पोकलेनची गोष्ट तर आणखी मजेशीर. बांधकाम यंत्रांना 2021 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये कडक मानके लागली, पण मोटार वाहन नियमांतली व्याख्या टायरवर किंवा लोखंडी रोलरवर चालणाऱ्या यंत्रांची. साखळीवर चालणारी पोकलेन त्या व्याख्येत बसतच नाही!

'शेतकऱ्याला महाग ट्रॅक्टर परवडणार नाही' असे सांगितले जाते. खरे आहे, आणि धानाच्या चिखलणीला ट्रॅक्टर लावणाऱ्या लहान शेतकऱ्याला सरकारने अनुदान द्यावे. पण रोज वाळू ओढणारा ट्रॅक्टर कोणती शेती करतो? शेतकऱ्याच्या नावाची सवलत ठेकेदाराच्या खिशात जाते.

डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले. तंबाखूच्या धुराच्याच गटात त्याला टाकले. तो धूर रोज कोण पितो? मालक नव्हे. दोस्तांनो, आपल्या मोहल्ल्यातली किती मुले ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधली मिस्त्री आहेत, जरा मोजा. घरी खोकत येणारा भाईजान कोणाच्याच हिशेबात नाही. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आहे, चंद्रपूर आहे, भंडारा नाही.

दिल्लीची व्याख्या बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. वाळूघाटाच्या लिलावाला अटी असतात. घाटावर येणारे प्रत्येक यंत्र कोणत्या साली बनले, कोणत्या मानकाचे आहे, हे ठेकेदाराने लिहून द्यावे आणि जुने यंत्र घाटावर उतरू नये, अशी अट त्यांत घालता येईल. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.