दुखायचं थांबलं म्हणजे हाड बरं झालं?

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. हल्ली जानेवारी जवळ आला की कुठल्याही आयटी ऑफिसात चार-दोन जण तरी 'ट्रेनिंग'वर असतातच. चांगलंच आहे की! पण त्यातल्याच कोणाचा तरी गुडघा आतल्या बाजूने, सांध्याच्या जरा खाली दुखायला लागतो. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. मग एमआरआय होतो आणि कळतं की नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे.

याला प्लास्टर सहसा लागत नाही, त्यामुळे सहानुभूतीही मिळत नाही. "पडला नाहीस, आपटला नाहीस, मग फ्रॅक्चर कसलं?" १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या पावलांमधलं असंच दुखणं नोंदवलं होतं. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागायचा होता. म्हणजे दुखणं जुनंच आहे, फक्त आता ते कवायतीऐवजी वीकेंडच्या लाँग रनमधून येतं.

कारण साधं आहे. हाडात कायम दुरुस्ती चालू असते. आधी जुना भाग पोखरून काढला जातो, मग तिथे नवं हाड भरलं जातं. पाडापाडी काही आठवड्यांत उरकते, बांधकामाला मात्र काही महिने लागतात. दम आणि स्नायू त्याच्या आधीच तयार होतात. पाय म्हणतात पळ, हाड म्हणतं थांब जरा! आपण ऐकतो पायांचं.

माझा मुद्दा आहे तो बरं होण्याबद्दलचा. पळणं बंद केलं की काही आठवड्यांत दुखायचं थांबतं, आणि आपण लगेच तिकीट 'क्लोज्ड' करून टाकतो. अहो, बग रिप्रोड्यूस होत नाही म्हणजे फिक्स झाला असं आपण कामात तरी मानतो का? दुखणं थांबलं तरी आतलं बांधकाम अर्धवट असू शकतं. त्यात पेनकिलर घेऊन पळणं म्हणजे अलार्म म्यूट करून सर्व्हर चालू ठेवणं. बारीक चिरेचं पुरतं मोडलेलं हाड झालं, तर आठवड्यांचा हिशोब महिन्यांवर जातो, प्रसंगी ऑपरेशनवर.

म्हणून 'रेसला किती आठवडे उरलेत' या गणितावर परत पळायला लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पायऱ्या ठरवाव्यात. आधी न लंगडता चालणं. मग डॉक्टरांनी हो म्हटलं की पोहणं, सायकल, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम. मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, तेही एक दिवसाआड. दुखलं तर मुकाट्याने एक पायरी खाली.

आणि फक्त शूज बदलून भागत नाही. व्हिटॅमिन डी तपासलं का? पळण्याच्या मानाने खाणं पुरतंय का? वजन उतरवायच्या नादात कमी खाऊन जास्त पळणाऱ्यांची हाडं कमजोर होतात. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तो धोक्याचा इशाराच आहे, 'व्यायामाने होतं असं' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

विश्रांती म्हणजे आळस, हे आपल्या डोक्यात फार पक्कं बसलंय. असो. मॅरेथॉन पुढच्या जानेवारीतही आहेच. गुडघा मात्र अजून चाळीस वर्षं वापरायचाय!