तेच पाचशे मीटर

गेल्या पावसाळ्यात मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर दोन दिवस होतो. बाहेर पाऊस असा, की छत्री घेतली काय आणि न घेतली काय. मैदानावरचा प्रयोग रद्द करावा लागला, म्हणून नववीची मुले वरच्या मजल्याच्या कठड्यावरून कागदी द्रोण खाली सोडत होती. पंगतीत खीर वाढतात तसले. कठड्यापासून फरशीपर्यंत साडेतीन मीटर. एक मुलगा द्रोण सोडायचा, एक मुलगी मोबाइलवर चित्रण करायची. एका द्रोणाला खाली यायला १.८ सेकंद लागले. मुक्त पतनाचे सूत्र सांगते ०.८५. एक शिक्षक सवयीने म्हणाले, "हवेमुळे चूक आली, वहीत ०.८५ लिहा." आणि मुलांनी मुकाट्याने १.८ खोडले.

त्या खोडलेल्या आकड्यावरच हा महिनाभर विचार करतो आहे. चूक हवेची नव्हती, वाचनाचीही नव्हती. आपण निवडलेले प्रारूप त्या द्रोणाचे नव्हते, एवढेच. मुलांच्या हाती नेमके तेच लागले होते आणि आम्ही मोठ्यांनी ते खोडायला लावले.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. चार द्रोण एकात एक बसवले. आकार तोच, वजन चौपट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो असे धरले, तर चौपट वजनाला तोलून धरायला दुप्पट वेग पुरतो. म्हणजे वेळ निम्मा, ०.९ सेकंद व्हायला हवा. आला १.१. फळ्यापाशी शांतता. मग चित्रण करणारी मुलगी म्हणाली, "बाई, जड चळत वेग पकडण्यातच बरीच वाट घालवते. शेवटचा एक मीटरच मोजू या का?" मोबाइलच्या चित्रणात सेकंदाला तीस चौकटी असतात. शेवटच्या मीटरला एका द्रोणाला चौदा चौकटी लागल्या, चार द्रोणांना सात. बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या मुलीला फळ्याकडे बोलावले.

विरोध आणि वजन जुळल्यावर पुढे न वाढणाऱ्या या वेगाला काही ठिकाणी 'अंतिम वेग' म्हणतात. गतीच्या समीकरणांत आपण शेवटच्या वेगालाही तोच शब्द वापरतो आणि मुलांचा हमखास गोंधळ होतो. मी 'सीमांत वेग' म्हणतो आणि वाचकांनीही म्हणावे असे सुचवतो.

मुळशीत हे शिकवायला प्रयोगशाळेचे कपाट उघडावे लागत नाही. तालुक्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीचा कडा सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात उतरतो. त्या पाचशे मीटरवरून तीन गोष्टी रोज खाली येतात : पाऊस, धरणाचे पाणी आणि ताम्हिणी घाटातली वाहने. उंची तीच, गुरुत्वाकर्षणही तेच. वाटेत काहीच अडवत नाही असे धरून दोन गुणिले ९.८ गुणिले ५०० याचे वर्गमूळ काढले की ९९ येते. सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५६ किलोमीटर.

आधी पाऊस घ्या. ढग डोक्यावर पाचशे मीटर आहे असे धरा आणि मुलांना विचारा, थेंब ताशी ३५६ किलोमीटरने आला तर भातरोपांचे काय होईल, घरावरच्या कौलांचे काय होईल? अमेरिकेत १९४९ साली रॉस गन आणि गिल्बर्ट किंझर यांनी थेंबांना विद्युतभार देऊन त्यांचे वेग मोजले. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरने पडतो, पाच मिलिमीटरचा सुमारे नऊ मीटरने. इथे द्रोणाचे प्रारूप पुढे नेता येते : आकार तोच राहिला तर व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वेग वाढावा. त्या हिशेबाने मोठ्या थेंबाचा वेग दहाच्या वर जायला हवा होता. तो नऊवरच अडतो, कारण मोठा थेंब गोल राहत नाही. खालून चपटा होतो आणि हवा त्याला जास्त अडवते. याहून फार मोठा झाला तर फुटतो. सुधारलेले प्रारूपही पुढच्या वळणावर फसते आणि फसता फसता थेंबाच्या आकाराबद्दल काही सांगून जाते. महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची (आयआयटीएम) ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनाही थेंबांचा आकार ठाऊक नसेल, तर पावसाचा हिशेब मांडता येत नाही.

आता धरणाचे पाणी. मुळशी जलाशयाचे पाणी बोगद्यातून आणि पोलादी नळांतून कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. इथे मात्र ९९ हा आकडा जवळजवळ खरा ठरतो. थेंबाला जे जमले नाही ते या पाण्याला कसे जमते? वर्गात हा प्रश्न टाकून दहा मिनिटे गप्प बसावे, इतका तो चांगला आहे. रुंद नळात पाणी सावकाश वाहते, म्हणून घर्षणात थोडेच गमावते. उंचीची किंमत वेगाऐवजी दाबाच्या रूपात जपली जाते आणि तो दाब तळाशी चंचूतून एकदम सुटतो. धार ज्यांच्यावर आदळते त्या पेल्टन चाकाच्या वाट्या तिच्या साधारण निम्म्या वेगाने पळाल्या की पाणी जवळजवळ सगळी ऊर्जा चाकाला देऊन खाली पडते. पुढे तेच पाणी कुंडलिकेत जाते आणि कोलाडला पुण्या-मुंबईची मंडळी त्यावर राफ्टिंग करतात.

हा धडा मुळशीत शिकवताना आवाज थोडा खाली आणावा लागतो. याच उंचीसाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बुडालेल्या गावांची नावे काही मुलांच्या घरी अजून घेतली जातात. गणित करताना आपण काय धरले आणि काय सोडले हे मोठ्याने सांगायची सवय हवी, ती यासाठीसुद्धा.

तिसरी गोष्ट बस. दहा टनांची बस पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा ४.९ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. विजेच्या भाषेत साडेतेरा युनिट. ती सगळी ब्रेकवर टाकली, ब्रेकच्या डब्यांचे बिडाचे वजन दोनशे किलो धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर तापमान पाचशे अंशांहून अधिक वाढते. एवढ्या तापाने ब्रेकची पकड सुटते. हे गृहीत अर्थातच टोकाचे आहे. वारा लागतो, उष्णता निघून जाते आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच भार स्वतः उचलते. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिन हिशेबातून बाहेर पडते आणि उरतात फक्त ब्रेक. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरच्या अपघातांच्या बातम्या वाचताना मला हेच गणित दिसते. त्यात आणखी एक मेख आहे. वस्तुमान, जी आणि उंची यांच्या गुणाकारात वेळ कुठेच नाही. हीच बस चाळीस मिनिटांत उतरली तर सरासरी वीस किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची असते, वीस मिनिटांत उतरली तर चाळीस. ऊर्जा तेवढीच, पण ब्रेकला निवायला मिळणारा वेळ निम्मा. 'घाट हळू उतर' असे जुने ड्रायव्हर नव्यांना बजावतात, त्यातला बराचसा अर्थ या भागाकारात आहे.

नववीच्या पुस्तकातले गतीचे नियम आणि दहावीतले गुरुत्वाकर्षण यांच्यात हे सगळे बसते. मोजायला मोबाइल पुरतो. अडते ते प्रयोगवहीच्या रकान्यांपाशी. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्यात 'काय गृहीत धरले' आणि 'प्रारूप कुठे जुळले नाही' असे दोन रकाने आपल्या शाळेपुरते आखून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. परीक्षेत याला गुण नाहीत, ही अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण जुळवून लिहिलेल्या ९.८ ला आपण वर्षानुवर्षे गुण देत आलो, त्याचे काय झाले ते उच्च माध्यमिकच्या शिक्षकांना विचारून पाहावे.

पुढच्या अंकाची काही पाने द्रोणांच्या प्रयोगासाठी राखून ठेवतो आहे. द्रोणाचा व्यास, वजन, सोडल्याची उंची, किती द्रोण एकात एक होते आणि लागलेला वेळ एवढे कळवा. एक, दोन, चार आणि जमले तर आठ द्रोणांची वाचने घ्या. शेवटच्या मीटरचे वाचन वेगळे लिहा. मुलांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात तर उत्तम, आणि कुठे खोडले असेल तर खालचा आकडा वाचता येईल असा पाठवा.