नासिकानलिका असलेला रुग्ण आणि वैद्याचे दायित्व

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असतात. परंतु व्यवसायात पडल्यावर आपले लक्ष बहुतांशी पहिल्या दोन पादांवरच राहते. निदान कसे करावे आणि कोणते द्रव्य द्यावे यांवर आपण तासन् तास चर्चा करतो. उपस्थाता म्हणजे परिचारक हा तिसरा पाद मात्र आपल्या चिंतनातून जवळजवळ निसटला आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण आज कोणाकडे असतात, ते त्याला कोण शिकवतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. या दुर्लक्षाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आम्ही एका घटनेवरून शिकलो. ती घटना आणि तिच्यातून आलेले विचार वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

पक्षाघाताचे अनेक रुग्ण आज नाकातून जठरात घातलेल्या नळीसह घरी येतात. ब्रिटिश वैद्यक जॉन राइल यांनी १९२१ मध्ये वर्णिलेली ही नळी राइल्स ट्यूब या नावाने आता घरोघरी ठाऊक झाली आहे. रुग्णालयातून सोडल्यानंतर आठवड्याभरात नातेवाईक वैद्याकडे येतात आणि विचारतात, "नळीतून तुमचे औषध चालेल ना?" आपण बहुधा "चालेल" असे म्हणतो. त्या एका शब्दात आपण काय पत्करतो, याची जाणीव आपल्याला असतेच असे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका सत्तरीच्या गृहस्थांची चिठ्ठी आली. पक्षाघात होऊन तीन आठवडे झाले होते. गिळता येत नव्हते, ठसकाही क्षीण होता. आम्ही घरी जाऊन नाडी पाहिली, प्रकृतीचा विचार केला आणि दोन चूर्णे मधातून, एक गुग्गुळकल्प व दोन वेळा काढा असे लिहून दिले. नळीकडे पाहिले, पण तिच्याविषयी एक प्रश्नही विचारला नाही. चौथ्या दिवशी चूर्ण व मध यांच्या लगद्याने नळी तुंबली. घरी ठेवलेल्या परिचारकाने ती काढली व नवी घातली. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावला, गुडगुड ऐकली आणि नळी बरोबर बसल्याचे सांगितले. त्यानंतर आमचा काढा देण्यात आला. रुग्णाला ठसका लागला नाही. रात्री ताप भरला, धाप लागली. रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा नळीचे टोक उजव्या श्वासनलिकेत असल्याचे दिसले. पाचव्या दिवशी ते गृहस्थ गेले.

त्या परिचारकाला दोष देणे सोपे आहे. त्याला जे दाखवले गेले होते, तेच त्याने केले. पण नळी तुंबली ती आमच्या औषधाने. आणि ती तुंबल्यास काय करावे, काय करू नये, हे आम्ही सांगितले नव्हते. सोळा गुण पाठ असूनही आम्ही तिसऱ्या पादाला वाऱ्यावर सोडले होते.

अशा दुर्घटना केवळ घरगुती परिचर्येतच होतात असे कोणी समजू नये. सुसज्ज रुग्णालयांचे जाळे असलेल्या इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०११ ते मार्च २०१६ या काळात चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून श्वसनमार्गात द्रव अथवा औषध गेल्याच्या ९५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ३२ रुग्ण दगावले. वापरलेल्या लाखो नळ्यांच्या मानाने ही संख्या लहान आहे हे खरे. परंतु यांतील बहुतेक घटना टाळता येण्याजोग्या असतात, म्हणूनच त्या अधिक बोचतात.

हवा सोडून आवाज ऐकण्याची रीत तेथे २००५ पासूनच वर्ज्य ठरवली आहे. तिचे कारण समजून घेतले पाहिजे. नळीचे टोक अन्ननलिकेत असो वा फुफ्फुसात, हवेचा आवाज उदरापर्यंत पोहोचू शकतो. कानाला दोन्ही सारखेच वाटतात. नळीचे बाहेरचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे किंवा निळा लिटमस कागद लाल होतो का हे पाहणे, याही विश्वासार्ह परीक्षा नव्हेत. रुग्णाला ठसका न लागणे हे तर मुळीच प्रमाण नव्हे. ज्याची संज्ञा किंवा कंठाची संवेदना मंद झाली आहे, त्याच्या श्वासनलिकेत नळी शिरली तरी तो शांतच राहू शकतो.

मग प्रमाण काय? नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता अंशांकित पीएच पट्टीवर पाहणे ही पहिली परीक्षा होय. हा अंक १ ते ५.५ यांच्या दरम्यान असल्यास टोक जठरात असल्याचे मानतात. द्रव निघाला नाही, किंवा अंक त्याहून अधिक आला, तर क्ष-किरण चित्राशिवाय पर्याय नाही. पॅन्टोप्राझोलसारखी आम्लनाशक औषधे चालू असतील, तर जठरातील द्रवाचाही पीएच वाढलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. अन्न अथवा औषध दिल्यावर लगेच केलेली परीक्षाही फसवी ठरते, म्हणून सुमारे तासभर थांबावे. आपल्या बांधवांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : आसवारिष्टे स्वभावतःच आम्ल असतात. अरिष्ट दिल्यावर लगेच घेतलेला अंक जठराचा आहे की अरिष्टाचा, हे पट्टी सांगू शकत नाही.

घरी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या दरवेळी केल्या पाहिजेत. नाकपुडीजवळ नळीवरील कितव्या सेंटीमीटरची खूण आहे, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावे व प्रत्येक वेळी अन्न देण्यापूर्वी ताडून पाहावे. तोंड उघडून नळीचे वेटोळे घशात आले नाही ना, हे पाहावे. रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंश उंच ठेवावी आणि अन्न दिल्यानंतरही किमान अर्धा ते एक तास तशीच राहू द्यावी. अन्न सिरिंजच्या दट्ट्याने रेटू नये, ते आपल्या वजनाने सावकाश उतरू द्यावे. अन्नाच्या आधी व नंतर सुमारे ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवावी. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णात या पाण्याचा हिशेब एकूण पाण्यात धरावा. आणि नळी निघून आली, तर ज्याला तिची जागा खात्रीने तपासता येत नाही, त्याने ती घरी पुन्हा घालू नये.

आता आपल्या द्रव्यांकडे वळू, कारण येथे आपल्यावाचून दुसरे कोणी मार्गदर्शन करू शकणार नाही. राइल्स ट्यूबची प्रचलित जाडी काही मिलिमीटरच असते. वस्त्रगाळ चूर्णही पाण्यात फुगते, इसबगोल तर नळीतच घट्ट होतो. तो नळीतून कधीही देऊ नये. गुग्गुळकल्प कुटले तरी चिकट राहतात. भस्मे पाण्यात विरघळत नाहीत, ती सिरिंजच्या तळाशी बसतात आणि ठरवलेली मात्रा रुग्णाला मिळतच नाही. तूप थंडीत नळीच्या भिंतीवर थिजते. आम्ल अरिष्ट दुधात किंवा दुधाच्या आहारात मिसळले तर ते नासून गाठी होतात. मध अनुपान म्हणून उत्तम, पण नळीसाठी तो भरपूर पाण्यात पातळ करावा लागतो. म्हणून अशा रुग्णाला शक्यतो दोनदा गाळलेला, कोमट क्वाथ द्यावा. दोन औषधे एकत्र कालवू नयेत, त्यांच्यामध्ये थोडे पाणी सोडावे. आणि औषधांची संख्या कमीत कमी असावी. पाच कल्प लिहिण्याचा मोह नळी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तरी आवरावा.

आहाराविषयीही तेच. मंड, पेया, विलेपी यांतील भेद आपण जाणतो. सिक्थरहित मंड व गाळलेले मुगाचे यूष नळीतून जातात, विलेपी जात नाही. परंतु मंड जातो म्हणून दिवसेंदिवस केवळ मंडावरच रुग्णाला ठेवणे म्हणजे त्याची उपासमार करणे होय. त्यातून मिळणारी ऊर्जा व प्रथिने फारच अपुरी असतात. आहारतज्ज्ञाचे साह्य घेण्यात वैद्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

औषधांच्या परस्परविरोधाचा प्रश्न याहून गंभीर आहे. नळी असलेले अनेक रुग्ण आक्षेप येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन घेत असतात. अशा रुग्णाला मेध्य म्हणून शंखपुष्पीचे सिरप लिहिणे आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. परंतु शंखपुष्पी कल्पाबरोबर फेनिटॉइनची रक्तातील पातळी व त्याचा आक्षेपरोधक परिणाम दोन्ही घटतात, असे मुंबईतील संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून १९९२ मध्येच प्रसिद्ध केले आहे. रुग्णांमध्ये आक्षेपांवरील नियंत्रण सुटल्याच्या अनुभवावरूनच त्या अभ्यासाला चालना मिळाली होती. रुग्णालयाचा कागद पूर्ण वाचल्याखेरीज आपण आपला कागद लिहू नये, एवढा धडा यातून घ्यावयास हरकत नसावी.

आपल्या कर्मांचाही विचार केला पाहिजे. पक्षाघातात व अर्दितात नस्य सांगितले आहे. पण नस्यविधीत कंठात उतरलेला स्नेह थुंकून टाकणे हे आवश्यक अंग आहे. ज्याला थुंकता येत नाही, गिळता येत नाही, त्याच्या नाकात तेल सोडले तर ते कोठे जाईल? स्नेहाने ठसकाही फारसा लागत नाही. तो निमूटपणे फुफ्फुसात उतरतो व तेथे दाह निर्माण करतो. गंडूष व कवल यांनाही रुग्णाचे स्वतःचे नियंत्रण लागते. अशा रुग्णाच्या मुखशुद्धीसाठी ओलसर केलेल्या कापडाने बेताचे प्रतिसारण पुरे. मुखशुद्धी मात्र टाळू नये, कारण तोंडातील मलिन लाळ फुफ्फुसात उतरूनही ज्वर व कास उत्पन्न होतात. अभ्यंग करणारे लोक रुग्णाला अन्नानंतर लगेच उताणा, सपाट झोपवतात आणि चेहऱ्याला तेल चोळतात. सपाट झोपवल्याने जठरातील अन्न वर येते. तेलाने नाकावरची चिकटपट्टी सुटते आणि नळी सरकते. या दोन्ही गोष्टी एका वाक्याच्या सूचनेने टळू शकतात. ते वाक्य आपण उच्चारत नाही, इतकेच.

काही वैद्यबंधू म्हणतील, की नळी ही आधुनिक रुग्णालयाची बाब आहे, तिची काळजी त्यांनीच वाहावी. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. सुश्रुताचार्यांच्या एकशे एक यंत्रांत वीस नाडीयंत्रे आहेत. पोकळ नळी शरीरात घालून कार्य साधणे ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. पण त्या गौरवाचा येथे उपयोग नाही. नळी कोणी घातली हा प्रश्न एका बाजूला ठेवू. तिच्यातून आपले औषध जाते, तोवर त्या औषधाच्या मार्गाची जबाबदारी आपली आहे. मार्गाचा विचार न करता दिलेले औषध म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र होय, आणि येथे पत्र चुकीच्या घरी गेल्यास जीव जातो.

दुसरा आक्षेप असा, की एवढी सावधगिरी सांगितली तर नातेवाईक घाबरतील आणि रुग्ण आपल्याकडे येणारच नाहीत. आमचा अनुभव याच्या उलट आहे. त्या घटनेनंतर आम्ही प्रत्येक घरी खुणेचा सेंटीमीटर विचारतो, नळी धुण्याची रीत आमच्यासमोर करून घेतो आणि काय झाल्यास तडक रुग्णालय गाठावे, हे मोठ्या अक्षरांत लिहून देतो. घरची माणसे घाबरत नाहीत, उलट त्यांना आधार वाटतो. बहुतेक घरांत हे काम सून, मुलगी किंवा पत्नी करते, आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते. चरकांनी सांगितलेला अनुराग तिच्याजवळ भरपूर असतो. उपचारज्ञता आणि दाक्ष्य तिला आपणच द्यावयाचे आहे.

आमची संघटनेकडे तीन मागण्या आहेत. नळी असलेल्या रुग्णासाठी मराठीत एक पानी सूचनापत्रक तयार करून ते प्रत्येक सभासदाकडे पोहोचवावे. कोणते कल्प नळीतून देता येतात व कोणते देऊ नयेत, याची सूची रसशास्त्र व भैषज्यकल्पना विभागांतील जाणकारांनी प्रत्यक्ष नळ्यांवर प्रयोग करून बनवावी. आणि जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा तरी अनुभवी परिचारिकांना बोलावून आपल्यासाठी वर्ग घ्यावा. वर्ग त्यांनी घ्यावा आणि आपण समोर बसून शिकावे. परिचारिकेकडून शिकताना वैद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आमच्या चिठ्ठीवर त्या दिवशी दोन चूर्णे, एक गुग्गुळकल्प आणि एक काढा होता. नळीविषयी एक ओळ नव्हती. ती ओळ आता आम्ही औषधांच्या आधी लिहितो. आपणही लिहावी, एवढीच विनंती.