रिपोर्टखाली सही कुणाची?

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालातलं एक पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं मी बाजूला ठेवली. लिहिणाऱ्या ताई रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या. एका सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ९ वर्षं नोकरी करताहेत. वय ३४, दोन मुलं शाळेत, सासूबाई जवळ, यजमान बँकेत. त्या लिहितात, "व्हिसेऱ्याची बाटली उघडण्यापासून रिपोर्टचा मसुदा होईपर्यंत सगळं माझ्या हातून जातं. खाली सही मात्र दुसऱ्याची. गेल्या वर्षी माझ्याजवळच काम शिकलेली मुलगी एम.एस्सी. आहे म्हणून माझ्या वरच्या जागेवर आली. मुलगी गुणी आहे, तिच्यावर राग नाही. पण मी आता एम.एस्सी. करावं का? 'हे' म्हणतात, पगार वेळेवर होतोय ना, मग या वयात पुस्तकं कशाला?"

ताई, उत्तर द्यायच्या आधी आमच्या बाकीच्या वाचक भगिनींना तुमचं काम थोडं सांगते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं वजन त्यांनाही कळेल.

वर्तमानपत्रात "व्हिसेरा राखून ठेवला" असं वाक्य आपण वाचतो आणि पान उलटतो. तो व्हिसेरा या प्रयोगशाळेत येतो. मुंबईची प्रयोगशाळा १९५८ सालची. आज तिचं मुख्य ठिकाण सांताक्रूझजवळ कलिन्याला आहे आणि नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, कोल्हापूर इथे विभागीय प्रयोगशाळा आहेत. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत एखादी सून संशयास्पद रीतीने दगावली, तर पोटात कीटकनाशक होतं की नव्हतं हे तिथली माणसं सांगतात. कोर्टकचेरीत त्याला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. तो रिपोर्ट यायला उशीर झाला की एका घरी तिचे आईवडील खोळंबतात आणि दुसरीकडे कदाचित एखादा निरपराध माणूस कोठडीत खोळंबतो. तेव्हा ही काही नुसती टेबल-खुर्चीची नोकरी नव्हे, बरं का!

आता सहीचं. सही ही अक्कलहुशारीला मिळत नाही, पदाला मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये कुणाचा रिपोर्ट पुरावा म्हणून चालेल त्याची यादीच दिली आहे. रासायनिक परीक्षक, प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक, सहायक संचालक अशी पदं तिथे चक्क लिहिलेली आहेत. (आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही पद त्यात आहे.) कोर्टाला वाटलं तर ते सही करणाऱ्याला बोलावून प्रश्न विचारतं. म्हणजे ताई, तुम्हाला सही हवी आहे याचा अर्थ तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आहे. हे मनाशी पक्कं करा, कारण एम.एस्सी. खरी उपयोगी पडते ती तिथे.

कशी ते घरातल्या गोष्टीवरून पाहू. लोणच्याला आपण मीठ का घालतो हे सगळ्यांना ठाऊक. विषाच्या तपासणीसाठी ठेवलेला व्हिसेराही मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मलिनमध्ये नाही. हे तुमच्या हातांना ९ वर्षांत पाठ झालंय. पण आरोपीचे वकील उठून विचारतील, "बाई, त्या मिठाच्या पाण्यातच काही नव्हतं कशावरून?" उत्तर असं, की डॉक्टरांनी तेच द्रावण वेगळ्या बाटलीत नमुना म्हणून पाठवायचं असतं आणि तेही तपासायचं असतं. पुढे ते विचारतील, तीव्र आम्लाचा संशय होता तर मीठ-पाणी का वापरलं? स्पिरिट का नाही? आणि दारूचा संशय असेल तर स्पिरिट का चालत नाही? रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदातच का बांधायचे? (ओला फडका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की काय होतं ते कुठलीही गृहिणी सांगेल!) कसं करायचं हे हात शिकवतो. का करायचं आणि चुकलं तर निष्कर्षावर काय परिणाम होतो, हे पदव्युत्तर अभ्यासात शिकायला मिळतं. निदान चांगल्या ठिकाणी मिळतं.

आता कुठली पदवी? इथे माझं मत जरा वेगळं आहे. जाहिराती पाहून सगळ्याजणी एम.एस्सी. 'फॉरेन्सिक सायन्स'कडे धावतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. त्याचा एक परिसर गोव्यातही आहे. तुमची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असेल आणि तिला प्रयोगशाळेचा वारा लागलेला नसेल, तर तिने खुशाल तिकडे जावं. पण पत्र लिहिणाऱ्या ताईंना गुन्ह्याच्या पुराव्याची ओळख नव्याने करून घ्यायची गरजच नाही. त्यांना कमी पडतं ते रसायनशास्त्राचं खोल ज्ञान आणि पुराव्याचा कायदा. त्यांनी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावं आणि मागाहून न्यायसहायक विज्ञान व कायद्याची पदविका करावी, असं मला वाटतं. विषशास्त्र विभागात रसायनवाल्यांचं, डीएनए विभागात जीवरसायन-जैवतंत्रज्ञानवाल्यांचं, बंदुका-गोळ्यांकडे भौतिकशास्त्राचं काम पडतं. आपला विभाग सोडून भलत्या विषयाची पदवी घेतली तर पुढे अडचण होते. आणि घरबसल्या एम.एस्सी.च्या ज्या जाहिराती येतात, त्यात प्रात्यक्षिकं कुठे आणि किती तास, हे आधी विचारा. पाककृती वाचून पोळी फुगत नाही.

वर चढल्यावरचं काम मात्र निराळं, तेही सांगून ठेवते. घर चालवणाऱ्या बाईला प्रयोगशाळा सहज चालवता येईल, असं भाषणात ऐकायला गोड वाटतं. मला ते पटत नाही. प्रयोगशाळेचा प्रमुख तपासणी कमीच करतो. आलेल्या पाकिटाचं सील शाबूत होतं का, ते कुणी घेतलं, कुठल्या कपाटात ठेवलं, किल्ली कुणाकडे होती, याची साखळी कुठे तुटली की उत्तम तपासणीही फुकट जाते. तराजू आणि यंत्रं प्रमाणित केली आहेत का, नवी पद्धत आधी पडताळून पाहिली का, कोणता कर्मचारी कोणत्या कामाला लायक ठरला आहे, हे सगळं आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे कागदावर दाखवावं लागतं. तेव्हा एनएबीएलची मान्यता मिळते आणि टिकते. शिवाय तुंबलेल्या प्रकरणांतलं आधी कुठलं घ्यायचं, हा निर्णय रोजचा. पोलीस घाई करतात, कोर्ट तारीख देतं आणि यंत्राचा सुटा भाग अजून आलेला नसतो! तेव्हा कॉलेज निवडताना गुणवत्ता पद्धती आणि पुराव्याचा कायदा शिकवतात का, ते विचाराच.

या खात्यात बाई वरपर्यंत गेल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेत लागल्या. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या पुराव्यांवर त्यांनी काम केलं आणि पुढे राज्याच्या प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. आता तर मागणी वाढलीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना त्याची तयारी करायला ५ वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तेवढी माणसं कुठून तरी यायला हवीतच ना!

यजमानांबद्दल. त्यांचं म्हणणं चूक म्हणून उडवून लावू नका, ताई. दोन वर्षं घराची घडी बदलणार, सासूबाईंवर भार येणार आणि मुलांचा अभ्यास त्यांना घ्यावा लागणार. त्यांना "मला शिकायचंय" एवढंच न सांगता वैज्ञानिक सहायकापासून उपसंचालकापर्यंतची पदं एका कागदावर लिहून दाखवा. तुमच्या निवृत्तीला अजून २० वर्षांहून जास्त अवकाश आहे. ती सगळी वर्षं त्याच पायरीवर काढायची का, हे दोघांनी बसून ठरवायचं. बँकेतल्या माणसाला पदोन्नतीचं गणित कळतं, त्याला ते रागाने सांगावं लागत नाही.

मात्र खात्याला न कळवता नाव घालू नका. सरकारी नोकरीत शिक्षणासाठी आधी परवानगी लागते; महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, पण ती मागितली की मिळतेच असं नाही. तेव्हा अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. त्याच्याही आधी आस्थापना शाखेतून वरच्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांची प्रत मागून घ्या आणि 'शैक्षणिक अर्हता' हा भाग नीट वाचा. तुम्हाला कुठली एम.एस्सी. चालेल हे माझ्या मतावर नाही, त्या दोन ओळींवर ठरणार आहे. प्रत हाती आली की मला पुन्हा लिहा. गावातल्या कॉलेजात एम.एस्सी.ची सोय आहे का आणि प्रात्यक्षिकांच्या वेळा काय, तेही त्याच पत्रात कळवा.