ज्यूरीचे बोलावणे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी ज्यूरीचे बोलावणे आले, की पहिला प्रश्न ठरलेला: 'यातून सुटायचे कसे?' मला हा प्रश्नच पटत नाही. मतदानाचा हक्क हवा आणि हे नको?

बोलावणे म्हणजे निवड नव्हे. आधी तासन् तास नुसते बसायचे, पुस्तक न्यावे. मग न्यायाधीश आणि वकील खोदून प्रश्न विचारतात. काही जणांना तर वकील कारण न देताच वगळतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. फेडरल न्यायालयात भत्ता दिवसाला ५० डॉलर. निवड झालीच, तर खटला संपेपर्यंत घरीही त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. (आपल्याला हेच सर्वांत जड!)

भारतात ज्यूरी म्हटले की नानावटी खटला आठवतो. १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीच उरली नाही. सामान्यांच्या न्यायबुद्धीवरचा आपला अविश्वास तिथला असावा. इथे मात्र गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला एकमत लागते. २०२० पासून सर्व राज्यांत. उद्या आरोपी म्हणून आपल्यातलाच एखादा पोरगा उभा असेल, तेव्हा 'मला पटलेले नाही' म्हणणारे त्या बारा जणांत कोण असेल?