गाडी खाली बसली, पण चाकं कुठे चालली?

रविवारी संध्याकाळी मालवणच्या धक्क्याकडे किंवा तारकर्लीच्या रस्त्याला एक चक्कर मारा. एमएच ०७ ची एखादी स्विफ्ट, एखादी जुनी सिटी अशी दिसेल की चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोटसुद्धा शिरणार नाही. 'गाडी काय बसली हा!' असं कोणीतरी म्हणतंच. दिसते भारी, यात वाद नाही. पण जरा वाकून पुढच्या टायरची आतली कड बघा. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतून गुळगुळीत झालेला असतो. बऱ्याचदा मालकालाही ते माहीत नसतं.

स्प्रिंग आणि अलॉयवर पैसे उडवून झाले की 'अलाइनमेंट बघू नंतर' म्हणायचं, अशी आपल्याकडची रीत झाली आहे. गोंधळ तिथेच आहे. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन प्रकारचं असलेली गाडी (म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक) खाली आणली की चाकाचा वरचा भाग आत कलतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. सोबत टाय रॉडचा कोन बदलतो आणि चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात. हा टो. फोटोत कॅम्बर दिसतो म्हणून चर्चा त्याची होते, पण टायर जास्त खातो तो टो. चाक अर्धा अंश जरी वाकडं असलं तरी किलोमीटरमागे जवळपास नऊ मीटर आडवं घासत जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात असा आतून गुळगुळीत टायर घेऊन आंबोली उतरायची, याला हौस म्हणावं का?

दुसरा एक समज म्हणजे, गाडी बुटकी केली की वळणात कमी कलते. थोडी खाली केली तर ठीक. जास्त खाली केली की लोअर आर्म उताणे होतात, आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो गाडीच्या वजनापेक्षा वेगाने खाली जातो. मग स्प्रिंग कडक नसेल तर गाडी उलट जास्त कलते. स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून बसवलेल्या गाडीचं तर बोलायलाच नको. चाक खड्ड्यात लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग आपली जागा सोडू शकते.

मग पार्ट कोणते घ्यायचे? आधी हिशेब रस्त्याचा करा. स्विफ्टचा ग्राउंड क्लीअरन्स १६३ मिलिमीटर. ४० मिलिमीटर खाली आणली की उरले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या वाडीतला, अपघातानंतर रातोरात उभा राहिलेला गतिरोधक कुठलं मानक वाचून बांधलेला नसतो. त्यात चार मित्र आणि मागे बॅगा, म्हणजे चेंबर लागणारच. माझ्या मते मालवण-कुडाळच्या रस्त्यांना २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊच नये. तेवढ्यात बहुतेक वेळा साध्या कॅम्बर बोल्टवर भागतं. शॉकअपच्या खालच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी हा बसतो, आणि त्याचा मधला भाग एका बाजूला फुगीर असल्याने तो फिरवला की साधारण दीड अंशापर्यंत कॅम्बर सुधारता येतो. मूळ बोल्टपेक्षा तो बारीक असतो, म्हणून सांगितलेल्या टॉर्कलाच आवळायचा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तपासायचा.

व्हिडिओंत चमकणाऱ्या, लोखंडी गोळ्याच्या जॉइंटच्या कॅम्बर प्लेट इथे मी तरी घेणार नाही. त्यात रबर नसतं. जांभ्याचा चिखल आणि खारा वारा लागला की पावसाळ्याभरात खडखडाट सुरू होतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पार्ट घेताना रंगाऐवजी गंजरोधक लेप बघावा. गंजून जाम झालेला ॲडजस्टेबल पार्ट ॲडजस्ट होत नाही, तेव्हा तो असून नसल्यासारखा.

मागच्या बाजूला या गाड्यांत टॉर्शन बीम असतो. तिथे फिरवायला काही नसतंच. कोन बिघडलाच तर हबच्या मागे शिम घालावी लागते. आणि दोन गोष्टी मिस्त्रीला सांगून करून घ्या. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. 'झालं, हिरवं आलं' यावर पैसे देऊ नका.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. आरसीवर ग्राउंड क्लीअरन्सचा रकाना नाही, मग काय बिघडलं, असा युक्तिवाद कट्ट्यावर चालतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ए कलमात परवानगीबाहेर पार्ट बसवण्याचाही उल्लेख आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते, ते वेगळंच.

मला खटकतं ते 'दर बदलामागे' हे मोजमाप. त्यात गॅसने तापवलेली स्प्रिंग एक बदल आणि तिने बिघडवलेला कोन सरळ करणारा बोल्ट दुसरा बदल, असं कोणी धरलं तर चूक आणि दुरुस्ती एकाच भावात जातात. जर्मनीत प्रमाणपत्र असलेली स्प्रिंग बसवून टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घेता येते आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. आपल्याला हे अगदीच नवं नाही. सीएनजी किट असंच मान्यता घेऊन, आरटीओत नोंदवून बसतं, आणि गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे. सस्पेन्शनसाठी अशी रुळलेली वाट नाही, म्हणून पोरं गॅसकटरवाल्याकडे जातात. परिवहन खात्याला कोणी पत्र लिहिणार असेल तर मागणी एवढीच करावी: मान्यताप्राप्त स्प्रिंग, तिच्यासोबत अलाइनमेंटचा प्रिंट सक्तीचा, आणि आरसीवर नोंद.

तोवर ज्यांची गाडी आधीच खाली आहे त्यांनी पहिल्या पावसाआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून बघा. तारा लागल्या तर गाडी घाटात नेऊ नका.