रानातली छोटी टाकी: टाकून देऊ नका, बदला



दिवाळी सरली की आपल्या माणमधनं मेंढरांचे वाडे खाली कृष्णाकाठाला निघतात. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडंही त्याच टायमाला हलतात. आणि जे गावातच राहतात ते ज्वारीच्या, कांद्याच्या, डाळिंबाच्या राखणीला रात्री रानात मुक्काम करतात. या सगळ्यांच्या बोचक्यात आता एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे गॅसची छोटी टाकी, डोक्यावरच बर्नर बसवलेली. आज तिच्यावर लिहितोय.

काही जाणती माणसं म्हणतात, रानात गॅस कशाला, तीन दगडं मांडा न् चूल पेटवा. मला हे पटत नाही. चुलीला सरपण कोण आणतं? बाईमाणूस. दिवसभर मेंढरांमागं नाहीतर फडात राबून, संध्याकाळी परक्या गावात वेड्या बाभळीच्या काटक्या शोधायच्या, बांधावरच्या मालकाची बोलणी खायची, मग धुरात भाकरी थापायची. शिवाय आपल्याकडचं वारं सगळ्यांना माहीत आहे. चुलीची एक ठिणगी उडून कडब्याच्या गंजीवर पडली तर वर्षाची वैरण जाते. तवा गॅस रानात आला ते बरंच झालं. माझं म्हणणं एवढंच की चुकीची टाकी आली.

बाजारात मिळणाऱ्या दोन-तीन किलोच्या बिगरछापाच्या टाक्या कुठं भरल्या जातात ते आपण बघतोच. घरगुती टाकी उलटी करायची, नळी जोडायची, अंदाजानं भरायची. वजनकाटा नाही, तपासणी नाही. खरी गोम इथंच आहे. टाकीत गॅस पातळ रूपात असतो आणि ऊन लागलं की तो फुगतो. म्हणून कंपनीच्या प्लांटमध्ये टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर जागा मोकळी सोडतात. अंदाजानं भरणारा ही जागा ठेवेलच असं नाही. एप्रिलच्या उन्हात ती टाकी टेम्पोच्या हौद्यात तापली की आतला दाब कुठं जाणार? एका टाकीतला गॅस दुसरीत असा भरणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पण गुन्ह्याआधी जिवाचा विचार करा.

दुसरं दुखणं भाकरीचं. डोक्यावर बर्नर असलेल्या टाकीवर चहा होतो, पण भाकरीचा रुंद तवा ठेवला की आच खाली टाकीवर उतरते. त्यात वर जड, खाली अरुंद. ढेकळांच्या रानात कलंडायला किती वेळ लागतो? टाकी आडवी झाली की वाफेऐवजी पातळ गॅसच बर्नरला येतो आणि भडका उडतो. या टाक्यांना बहुधा रेग्युलेटरही नसतो, नुसता नॉब. आतला दाब सरळ बर्नरला.

मग करायचं काय? तेल कंपन्यांची पाच किलोची टाकी घ्यायची. २०१३ पासून ती सुट्ट्या विक्रीत मिळते. इंडियन ऑइलनं २०२० मध्ये तिचं नाव ‘छोटू’ ठेवलं. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर देतात. फिरत्या बिऱ्हाडाची अडचण पत्त्याचीच असते, ती इथं येत नाही. सोबत तिच्याच मापाचा रेग्युलेटर, आयएसआय शिक्क्याची नळी आणि वेगळी एका बर्नरची शेगडी घ्या.

लोक म्हणतील, ही महाग पडते. खरं आहे. घरगुती मोठ्या टाकीच्या मानानं सुट्ट्या विक्रीच्या टाकीत किलोला जास्त पैसे जातात. पण हिशोब पुरा करा. छोटा बर्नर पुऱ्या आचेवर तासाला साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम गॅस खातो. दिवसाला दोन तास धरले तर पाच किलो सोळा ते वीस दिवस जातो. आणि गल्लीत भरलेल्या टाकीत नेमका किती गॅस पडला हे कुणी मोजलंय? खऱ्या टाकीवर रिकामं वजन कोरलेलं असतं. बकरी तोलायच्या नाहीतर डाळिंबाच्या काट्याला अडकवा, रिकामं वजन वजा करा, पाच किलो भरलाच पाहिजे.

ज्यांच्या घरी गॅस जोडणीच नाही त्यांनी उज्ज्वलाची चौकशी करावी. २०२१ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचं लेखी घोषणापत्र चालेल अशी सोय केली गेली. नोंदणी चालू आहे का, पाच किलोची टाकी मिळेल का, हे निघायच्या आधी दहिवडी-म्हसवडकडंच विचारून घ्या. परमुलखात कोण दाद देणार?

आता माझं खरं म्हणणं. हा खर्च एकट्या मेंढक्यानं किंवा कोयत्यानं का सोसायचा? खतासाठी आपण रानात मेंढरं बसवतो, त्याचं धान्य-पैसे देतो. त्यात वाड्याला एक भरलेली टाकी दिली तर रान काय दिवाळखोरीत जाणार नाही. मुकादमानं उचल देताना टोळीमागं शेगडी-टाकीची सोय ठरवून घ्यावी. राखण्या ठेवणाऱ्या बागायतदारानं तर हे करायलाच पाहिजे. आपल्या रानात, आपल्या कामासाठी माणूस झोपतो, तर त्याच्या उशाजवळ काय ठेवलंय हे बघणं आपलं काम आहे.

आता वापराचं. शेतातलं वापरणं घरासारखं नसतं, म्हणून तपशिलानं सांगतो.

टाकी घेताना सील बघा. कड्याच्या आतल्या पट्टीवर तपासणीची मुदत असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढं वर्षाचा आकडा. मुदत गेलेली टाकी परत करा. तोंडातलं रबरी वायसर जागेवर आहे का तेही बघा.

जोडणी झाली की सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती समजा. काडी ओढून बघू नका. नळीला चिरा पडल्या, उंदरानं कुरतडली, तर चिकटपट्टी न लावता बदला. नाहीतरी पाच वर्षांनी बदलायचीच असते.

जाळ निळा पाहिजे. पिवळा झाला, भांडं काळं पडायला लागलं की बर्नरमध्ये धूळ गेली समजा. बर्नर गार झाल्यावर काढून ब्रशनं झाडा. बरेच दिवस पडून असलेल्या शेगडीच्या नळीत कोळी जाळं करतो, ते काढा. जेटचं भोक बारीक पिनेनं हलक्या हातानं साफ करा, मोठं करू नका.

वाऱ्याला आडोसा शेगडीपुरताच करा. टाकीला पत्र्यानं वेढू नका. टाकी उभी, सावलीत, कडब्यापासनं लांब ठेवा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून टाकी विहिरीच्या खड्ड्यात आणि मोटारीच्या खोलीत कधीच ठेवू नका. रात्री लाइट आली, स्टार्टर दाबला, एक ठिणगी पुरते. तसंच थंडीत कोपीचं तोंड बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कोंडलेल्या जागेत विषारी वायू होतो, त्याला वासही नसतो.

वास आलाच तर नॉब बंद करा, टोपी लावा, टाकी मोकळ्या रानात न्या आणि लांब जाऊन १९०६ ला फोन लावा. नॉबपाशी बारीक पेट असेल तर ओलं पोतं टाकून नॉब बंद करा. टाकीच आगीत सापडली तर माणसं-जनावरं घेऊन लांब व्हा, सामानाचा नाद सोडा.

यात्रेला जाणाऱ्यांनी एसटीत, रेल्वेत टाकी नेऊ नये. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत यात्रेकरूंच्या डब्यात गॅस टाकीमुळं आग लागली, नऊ माणसं गेली.

यंदा आपल्या रानात वाडा उतरला, टोळी आली किंवा राखण्या ठेवला तर पहिल्या दिवशीच टाकी बघा. बिगरछापाची असली तर बोलणी करू नका, बदलून द्या. पटलं तर मुकादमांच्या आणि बागायतदारांच्या ग्रुपवर पुढं पाठवा. कुणाकडं आणखी चांगली पद्धत असेल तर खाली लिहा.